डावा हात वर करायचा होता

माझ्या खालच्या उजव्या दाढेला कीड लागली आहे ही बातमी आमच्या घरात ज्या आनंदाने स्वीकारली गेली, तेवढ्या आनंदाने माझी बढतीही स्वीकारली गेली नव्हती. मुलीने टाळ्या वाजवल्या. हिने निवडायला घेतलेली भाजी तशीच टाकून येऊन माझ्या तोंडात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "एवढ्या वर्षांत या तोंडातून पहिल्यांदाच काहीतरी कामाचं निघालं."

एरवी मी असला शेरा खपवून घेतला नसता. मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. कुठल्या तराजूच्या पारड्याखाली काय चिकटवलंय आणि कुठल्या लिटरच्या मापाला आतून पोचा दिलाय हे मी लांबून ओळखतो. मी बाजारात शिरलो की 'आले, आले' अशी कुजबुज होते आणि दोन-तीन दुकानांची शटरं आपोआप खाली येतात. घरातही माझा शब्द शेवटचा असतो. म्हणजे सगळं ठरून झाल्यावर ही मला तो बोलू देते. पण त्या क्षणी मी आ वासून बसलो होतो, आणि आ वासलेल्या माणसाला रुबाब ठेवता येत नाही.

आनंदाचं कारण असं, की आमची ढब्बू दंतवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला होती. (ढब्बू हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती गुबगुबीत होती. आता काडी झाली आहे, पण आम्ही नाव बदललेलं नाही.) शेवटच्या परीक्षेत त्यांना परीक्षकांसमोर खऱ्या माणसाच्या खऱ्या दातातली कीड काढून तो दात भरून दाखवावा लागतो. आणि गंमत म्हणजे तो माणूस कॉलेज देत नाही. आपला पेशंट आपण आणायचा. तोही कसलाही चालत नाही. कीड फार लहान नको, फार मोठी नको, दाढेच्या कडेला शेजारच्या दाढेच्या फटीत हवी, शेजारची दाढ धडधाकट हवी, आणि या सगळ्या अटींत बसणारा माणूस परीक्षेच्या दिवशी वेळेवर उठणारा हवा.

अशी कीड शोधण्यात तिचे कित्येक आठवडे गेले होते. ओळखीपाळखीची सगळी तोंडं बघून झाली होती. मामाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेली, तर घरापेक्षा तोंडंच जास्त पाहून आली. दूधवाला तर तिला पाहिलं की ओठ घट्ट मिटून फक्त मान हलवायचा. कुणाची कीड खोल गेलेली, कुणाची नुसता डाग निघायची. परीक्षा जवळ आली तशी ती जेवेनाशी झाली. तिच्या वर्गातल्या सगळ्यांना पेशंट मिळाले होते. ढब्बूला नाही मिळाला तर परीक्षाच देता येणार नव्हती, म्हणजे मैत्रिणी पुढे आणि ती सहा महिने मागे. आणि अशा दिवसांत एका संध्याकाळी मी बातम्या बघता बघता जांभई दिली.

"बाबा, तसेच थांबा!" ढब्बू किंचाळली.

मी तसाच थांबलो. तिने मोबाईलचा टॉर्च लावला, दात तपासायचा आरसा घातला, टोकदार आकडा घातला. मग खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगदी पुस्तकातली आहे हो," ती म्हणाली. माझ्या कुठल्याच गोष्टीला तोवर कुणी पुस्तकातली म्हटलं नव्हतं. मी नाही म्हटलं तरी जरा फुललो.

त्या दिवसापासून ती दाढ माझी राहिली नाही. उजव्या बाजूने चावायचं नाही, कारण कड तुटली तर कीड परीक्षेतून बाद. गरम नको, गार नको, कडक नको. हिने माझ्या ताटात सगळं इतकं मऊ वाढायला सुरुवात केली, की काय खातोय ते डोळ्यांनी पाहूनच कळायचं. ऑफिसातून फोन केला तर "कसे आहात" ऐवजी "कीड कशी आहे" असं विचारायची. मी म्हणायचो, मजेत आहे.

आमच्या इमारतीत कुठलीही गोष्ट गुप्त राहत नाही. राहिलीच तर लोक रागावतात. शेजारच्या वहिनींना कळलं आणि त्या लवंगेचं तेल घेऊन आल्या. "बोळा भिजवून दाबून धरा भाऊजी, कीड मरून पडेल."

"मरायला नकोय हो तिला!" ही दारातच ओरडली. "परीक्षेपर्यंत जगायला हवी."

वहिनींनी बाटली पदराआड घेतली. त्यांना वाटलं आमच्या घरात काहीतरी बिघडलंय. पण त्यांच्या बोलण्याने माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. समजा मी मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या, आणि कीड बरी झाली तर? मी रोजच्या गुळण्या चोरून बंद केल्या. पुढे दात घासणंही उजव्या बाजूला जरा हात राखून करू लागलो. हे ढब्बूला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला आणि मला स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून नीट समजावायचं ठरवलं. त्यासाठी तिने एक नासका बटाटा घेतला.

"हे बघा बाबा. हा काळा मऊ भाग म्हणजे कीड लागलेला दात. तो मेलेला असतो. तो मी चमच्यासारख्या हत्याराने खरवडला तरी तुम्हाला कळणारही नाही." तिने चहाच्या चमच्याने बटाटा कोरायला घेतला. "खरवडत खरवडत खाली गेलं की कडक लागतं. तिथे जिवंत दात सुरू होतो. रंग थोडा काळपट असला तरी कडक लागलं की थांबायचं. अजून खाली गेलं तर नस. नसेला धक्का लागला की दातही गेला आणि मीही गेले. म्हणून मी तुम्हाला सुन्न करणार नाहीये. तुमची कीड मध्यम आहे, त्याची गरज नाही, आणि दुखणं ही माझी एक खूण आहे. दुखलं की डावा हात वर करायचा. कळलं?"

मी मान डोलावली. आता सांगायला लाज वाटते, पण मी ऐकत नव्हतो. मी कौतुक करत होतो. ही एवढीशी होती तेव्हा माती खायची, आणि आज मला बटाट्यावर शिकवतेय, केवढी लांबसडक बोटं झालीत हिची, असलं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. आपल्या मुलांचं बोलणं आपण असंच ऐकतो. त्यातलं कौतुक तेवढं कानात जातं आणि मुद्दा बाहेर राहतो.

मुद्दा मला सांगितला तो वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांनी. हेडमास्तरांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्यातला हेडमास्तर अजून कामावर आहे. जिन्यात कुणी भेटलं की ते त्याला दोन पायऱ्या वर उभे राहून उपदेश करतात.

"परीक्षकाचं लक्ष कुठे असतं सांगा," त्यांनी विचारलं.

"दातात," मी म्हणालो.

"चूक! पेशंटच्या चेहऱ्यावर. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्यात. पेशंटने तोंड वेडंवाकडं केलं की परीक्षक काय म्हणणार? हात जड आहे, गुण कमी. पेशंट शांत, तर विद्यार्थी हुशार. तिचं भवितव्य आता तुमच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे. हूं नाही की चूं नाही!"

मला ते एकदम पटलं. पटण्याचं कारण म्हणजे ते मला जमण्यासारखं होतं. दुखलं असं म्हणायची आमच्याकडे पद्धतच नाही. माळ्यावरून बॅग काढताना मी शिडीसकट पडलो होतो, तेव्हाही 'काही नाही, काही नाही' म्हणत उठलो आणि पायाचं बोट मोडलंय हे तीन दिवसांनी बूट घालता येईना तेव्हा उघडकीस आलं. बापाने मुलीसाठी याहून काय करावं? मी सरावाला लागलो. पेपर वाचताना कानाला कपडे वाळत घालायचे चिमटे लावून बसू लागलो. चेहरा शांत. हिला म्हटलं, अधूनमधून मला बेसावध असताना चिमटा काढत जा. हे काम हिने इतक्या आवडीने केलं, की मला आमच्या संसाराबद्दल काही नव्याच शंका आल्या.

ढब्बूला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, तिला परीक्षेतच कळू दे, बाप काय चीज आहे.

परीक्षेआधी दाढेचा एक्स-रे लागत होता. त्यासाठी कॉलेजच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या खिडकीतल्या गृहस्थाने विचारलं, "कुठली बाजू?" मी गालावर बोट ठेवलं. तो माझ्यासमोर बसला होता, त्यामुळे माझं उजवं त्याच्या डावीकडे आलं आणि त्याने 'डावी' लिहिलं. एक्स-रेच्या खोलीत मी म्हणालो, अहो, उजवी. तिथला फोटो काढणारा म्हणाला, कागदावर डावी आहे. मी म्हणालो, पण दाढ माझ्या तोंडात आहे. तो म्हणाला, फोटो कागदाप्रमाणे निघतो. आणि त्याने माझ्या निरोगी डाव्या दाढेचा उत्तम फोटो काढून दिला. दुरुस्तीसाठी खिडकीवर परत आलो तर तो गृहस्थ जेवायला गेलेला. शेजारचा म्हणाला, "ज्याच्या हातची चूक, त्याच्याच हातची दुरुस्ती लागते."

मी आवाज चढवला. "मी स्वतः सरकारी निरीक्षक आहे!"

"मग तुम्हाला तर माहीतच असेल," तो म्हणाला.

बाकावर बसून राहिलो. तेवढ्यात पांढऱ्या कोटातला एक विद्यार्थी शेजारी येऊन बसला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, दाढ कुणाला दिलीत?" त्याचा पेशंट गावाला निघून गेला होता. त्याने मला चहा पाजला, घरापर्यंत सोडायची तयारी दाखवली, परीक्षेच्या दिवशी न्यायला येतो म्हणाला. आयुष्यात मला एवढी मागणी कधी नव्हती. "दाढ मुलीला दिलीय," मी म्हटलं, तसा तो बिचारा उठला आणि समोरच्या बाकावर एक बाई गाल धरून बसली होती तिच्याकडे गेला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. शेवटी जेवून आलेल्या गृहस्थाने 'डावी' खोडून 'उजवी' केलं, त्यावर सही केली, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच दाढ इकडची तिकडे केली होती.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. जिन्यात हेडमास्तरांनी मूठ आवळून दाखवली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आता सगळं तुमच्या हातात." त्यांना तोंडात म्हणायचं होतं बहुधा.

मोठ्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा होत्या. प्रत्येक खुर्चीत एक माणूस आडवा, त्याच्या तोंडावर दिवा, आणि त्याच्यावर वाकलेलं एकेक घाबरलेलं पोर. ढब्बूने टोपी, मास्क, हातमोजे घातले होते. फक्त डोळे दिसत होते. ते माझ्या आईसारखे आहेत हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

"काका, तोंड मोठं उघडा," ती म्हणाली.

काका! पेशंटना असंच म्हणायची सवय असते म्हणे. मी तिच्याकडे रागाने बघितलं. पण तिच्या लक्षातच आलं नाही. तिला माझी फक्त दाढ दिसत होती.

मशीन सुरू झालं. शिट्टीसारखा बारीक आवाज, तोंडात पाण्याचा फवारा, ओठाच्या कोपऱ्यात ते पाणी सुर्रकन ओढून घेणारी नळी. दाताचं वरचं कवच कापलं जात होतं. काही दुखलं नाही. मी चेहऱ्यावर मंद हसू ठेवलं. आ वासून जेवढं ठेवता येतं तेवढं. मग तिने मशीन बदललं. हे सावकाश फिरणारं होतं, त्याची घरघर जबड्यातून थेट कवटीत जात होती. मऊ कीड निघत होती. मग चमच्यासारखं हत्यार. खर्र, खर्र. तिचा हात इतका हलका होता, की मला ओरडून सगळ्या हॉलला सांगावंसं वाटलं.

आणि मग दुखलं.

एकच कळ. बारीक, थंड, दाढेतून निघून कानामागे जाणारी. डावा हात आपणहून जरासा उचलला गेला. मी तो पकडून खाली दाबला.

ढब्बू थांबली. तिने टोकदार आकड्याने दाढेचा तळ तपासला. "काळपट आहे थोडं," ती स्वतःशीच पुटपुटली, "पण कडक लागतंय." मग मला विचारलं, "दुखतंय?"

मी अंगठा वर केला. उत्तम.

ती घुटमळली. मी पाहिलं, ती घुटमळली. माझ्या डोळ्यांत तिने एकदा बघितलं, आणि मी ते हसरे केले. मग तिने पुन्हा हत्यार उचललं. पुन्हा कळ, या वेळी डोळ्यांपुढे पांढरं झालं. "आता?" अंगठा वर. "नक्की ना?" मी तर दोन्ही अंगठे वर केले. पलीकडच्या खुर्चीतला पेशंट साध्या स्पर्शाला विव्हळत होता, आणि त्याच्यावर वाकलेलं पोर दर वेळी हत्यार बाजूला घेत होतं. मला त्या पोराची कीव आली आणि स्वतःबद्दल काय वाटलं ते न सांगितलेलं बरं.

परीक्षक बाई रांगेतून फिरत होत्या. ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्या आमच्या खुर्चीशी आल्या आणि त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलं नाही, दाताकडेही नाही. त्या माझ्या पायांकडे बघत उभ्या राहिल्या. मग मीही डोळे खाली करून पाहिलं. माझा एक बूट पायातून निघून लांब भिंतीशी पडला होता, आणि मोज्यातली पाचही बोटं मुठीसारखी वळली होती.

"दुखतंय का हो तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी अंगठा वर केला.

बाईंनी टेबलावरची हवेची नळी उचलली आणि दाढेवर थंड हवेची एकच फुंकर मारली.

"ढब्बूऽऽऽ!"

ती हाक मी मारली. हॉलमधली सगळी मशिनं एकदम बंद पडली. कुणाच्या तरी हातून हत्यारांचा ट्रे खाली पडला आणि तो आवाज बराच वेळ चालू राहिला. मी खुर्चीत उठून बसलो होतो, तोंडातून लाळ शर्टाच्या इस्त्रीवर ओघळत होती, आणि चोवीस-पंचवीस मुलं आमच्या ढब्बूकडे बघत होती. मास्कच्या वर तिचे कान लाल झाले होते.

"हे कोण तुमचे?" बाईंनी तिला विचारलं.

"बाबा."

बाईंनी आरसा घेऊन दाढ पाहिली. बराच वेळ पाहिली. "नस थोडक्यात वाचली आहे. इथे कधीच कडक लागलं होतं. तुम्हाला लागलं नाही?"

"लागलं, मॅडम."

"मग थांबला का नाहीत?"

ढब्बूने माझ्याकडे बघितलं नाही. "मला थांबावंसं वाटलं होतं. पण बाबा दुखत नाही म्हणाले, म्हणून वाटलं, अजून कीडच असेल. माझाच हात चुकत असेल." मग हळूच म्हणाली, "बाबा खोटं सांगत नाहीत."

मी इतकी वर्षं लोकांची मापं तपासतो. पकडलेल्या दुकानदाराचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. आधी तो हसतो, मग इकडेतिकडे बघतो, मग आपल्याच मापाकडे असा पाहतो, जणू ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी तो चेहरा मी आतून अनुभवला. माझं दुखणं हेच तिचं माप होतं आणि मी ते पोचा मारून दिलं होतं. आणि कुणाला? तर जिने स्वतःच्या हातापेक्षा माझा शब्द खरा मानला तिला.

"आता सुन्न करा आणि पुढचं काम पूर्ण करा," बाई म्हणाल्या. "आणि यांना काहीही विचारू नका."

तिने इंजेक्शन दिलं. सुई कळलीही नाही. दाढेच्या तळाशी औषधाचा थर दिला, मग भरण भरलं, ते दाबलं, कोरलं, घासलं. मी अर्ध्या तोंडाने मेल्यासारखा पडून होतो. काम संपल्यावर बाईंनी भरण तपासलं. "भरण अतिशय सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण ही परीक्षा आधी कीड काढण्याची आहे, आणि कुठे थांबायचं ते ओळखण्याची. आज मी तुम्हाला पास करू शकत नाही."

"हो, मॅडम," ढब्बू म्हणाली.

ती हत्यारं धुवायला गेली तेव्हा मी बूट शोधून पायात घातला आणि बाईंच्या टेबलाशी गेलो. सगळा दोष माझा आहे, मुलीला शिक्षा का, असं ठणकावून सांगायचं होतं. पण उजवा ओठ, अर्धी जीभ, हनुवटी, काहीच जागेवर नव्हतं. "फगळी शूक माजी आहे," मी म्हणालो, आणि त्यांच्या टेबलावर एक थेंब पडला. मी तो बाहीने पुसला. मग आणखी एक पडला.

बाईंनी मला कापूस दिला. "पेशंट खोटं बोलतातच," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "कुणी भीतीने, कुणी लाजेने. तुम्ही मायेने बोललात. तिला उद्या असे रोज भेटतील. तिने तिच्या हाताचं ऐकायला शिकलं पाहिजे, तुमचं नाही."

घरी येताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. मला बोलता येत नव्हतं आणि ती बोलत नव्हती. मध्येच तिने रुमाल काढून माझी हनुवटी पुसली. मला ते कळलंही नाही, तिचा हात दिसला म्हणून समजलं.

जिन्यात सगळे जमले होते. ही सर्वांत पुढे, तिच्यामागे शेजारच्या वहिनी, आणि दोन पायऱ्या वर हेडमास्तर. "काय, केलं का हूं की चूं?" त्यांनी विचारलं.

मी सांगायचा प्रयत्न केला. माझ्यामुळे पोरगी नापास झाली, असं मी म्हणालो. तोंडातून नुसता फुसफुस आवाज आला.

"काय म्हणतायत?" वहिनींनी ढब्बूला विचारलं.

"म्हणतायत, नाही केलं," ढब्बू म्हणाली. "मीच थोडी चुकले. पुन्हा बसावं लागेल." आणि ती घरात निघून गेली.

ही तिच्यामागोमाग गेली. मी जोरजोरात मान हलवू लागलो. "बघा, बघा, केवढ्या वेदना होतायत," वहिनी हळहळल्या. "तरी तोंडातून ब्र नाही! भाऊजी, बाप असावा तर असा." हेडमास्तरांनी खाली उतरून माझी पाठ थोपटली. पोरीने माझी लाज झाकली होती, आणि मी त्या शाबासकीखाली उभा होतो. आयुष्यात इतकं नागडं मला कधी वाटलं नाही.

संध्याकाळी ओठाला मुंग्या येऊन तो परत आला. मग जीभ आली. दाढही ठणकू लागली. आतल्या खोलीत ढब्बू भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि ही तिच्या केसांतून हात फिरवत होती. दोघींनीही माझ्याकडे पाहिलं नाही. बोलता येत नाही हे कारण आता संपलं होतं. मी उठलो, जिना चढलो आणि हेडमास्तरांचं दार वाजवलं.

"या, या, शूरवीर!" ते म्हणाले.

"दुखलं," मी म्हणालो. "खूप दुखलं. तिने तीनदा विचारलं आणि मी तीनदा नाही म्हणालो. म्हणून ती खोल गेली. तिची काही चूक नव्हती. ती माझ्यामुळे नापास झाली."

हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटायला उचललेला हात खाली घेतला. खाली आमच्या शेजारचं दार किलकिलं झालं, जिन्याच्या कठड्यातून वहिनींचा अर्धा चेहरा दिसला. बरं झालं, म्हटलं, त्यांनाही वेगळं सांगायला नको.

"मीच तो सल्ला दिला होता," हेडमास्तर शेवटी म्हणाले. मग खालच्या आवाजात, "खरं सांगू का, मला स्वतःला अजिबात सहन होत नाही हो. दातवाल्याकडे गेलो तर नुसता आरसा आत आला तरी मी बोंब मारतो. त्यामुळे जातच नाही." त्यांनी गालावर बोट ठेवलं. "पुढच्या परीक्षेला माझी दाढ चालेल का तिला? एक आहे काळी. मी नक्की ओरडेन. तेवढी खात्री देतो."

"तोंड उघडा बघू, सर."

मागे वळून पाहिलं तर ढब्बू जिन्यात उभी होती. केव्हा आली, किती ऐकलं, मला माहीत नाही. डोळे सुजले होते. हातात आरसा आणि आकडा होता. मला जेवायला बोलवायला कुणी ते घेऊन येत नाही, म्हणजे माझी दाढ बघायला आली असावी. तिने हेडमास्तरांना दारातल्या खुर्चीवर बसवलं आणि मोबाईलचा टॉर्च लावून माझ्या हातात दिला. आकडा अजून ओठांपर्यंतही पोचला नव्हता, तेवढ्यात हेडमास्तरांनी अशी आरोळी ठोकली, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

ढब्बू हसली. त्या दिवसात पहिल्यांदा हसली. मग पुन्हा वाकली. "आता खरंच लावते हां, सर," म्हणाली आणि दाढेवर हळूच टोक टेकवून, श्वास रोखून, हाताला काय लागतंय ते बघू लागली.

"बाबा, टॉर्च हलतोय," ती मान वर न करता म्हणाली.

छे, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

"हो," मी म्हणालो. "हात थरथरतोय माझा."

"मग दोन्ही हातांनी धरा," ती म्हणाली.